नांदूर मध्यमेश्वरसाठी कॅमेरा: मिररलेस घ्यावा की सुपरझूम ब्रिज?

टिटवी_नाशिक
नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं पक्षी बघतेय. नाशिकला राहते, त्यामुळे थंडीत जवळपास दर रविवारी नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य ठरलेलं. सोबत बारा वर्षांची लेक असते. ८x४२ ची दुर्बीण आहे, वही आहे, ई-बर्डवर (पक्षी नोंदवायच्या संकेतस्थळावर) नोंदी टाकते. जरा वेगळा पक्षी नोंदवला की तपासणाऱ्यांचा निरोप येतो, "फोटो आहे का?" आणि फोटो नसतो. माझ्या मोबाइलमधला चक्रवाक म्हणजे विटकरी ठिपका.

गेल्या महिन्यात काठच्या चिखलात दोन टिलवे (चिमुकले पाणपक्षी) चरत होते. एक छोटा टिलवा, त्यात शंका नाही. दुसरा मला टेमिंकचा वाटला. छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर, एवढं पुस्तकातून पाठ आहे. पण दुर्बिणीतून दिसला तो फक्त चिखल, पाय नाहीत. वहीत प्रश्नचिन्ह टाकून घरी आलो. लेक अजून विचारते, "आई, त्याचं नक्की काय झालं?"

तर आता कॅमेरा घ्यायचाय. बजेट ऐंशी हजार, फार ताणलं तर लाख. दुकानात गेले तर एक जण म्हणाला मिररलेसशिवाय (भिंग बदलता येणारा) काही घेऊ नका, दुसऱ्याने निकॉनचा पी९५० हा ब्रिज (लांब झूमचं भिंग कायमचं जोडलेला) कॅमेरा हातात दिला आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवरच्या पाटीचे स्क्रू दाखवले. दोघांचंही ऐकताना पटत होतं. तुमचे अनुभव सांगा. वर्षातून दोनदा घरच्या कार्याचे फोटो निघाले तर आनंदच, पण मुख्य काम पक्ष्यांचं.

डोंगरवाट
मिररलेस. ब्रिज कॅमेऱ्यांचा जमाना गेला. दोन वर्षांत कंटाळा येईल आणि मग पुन्हा खर्च. आत्ताच एकदा काय तो करून टाका.

शेकाट्या
डोंगरवाट, जरा थांबा. मी सोलापूरकडचा, २०१६ पासून पी९०० वापरतोय. २०१५ चं मॉडेल, ८३ पट झूम, २४ ते २००० मिमी. पी९५० त्याचाच २०२० मधला धाकटा भाऊ. भिंग तेच, वर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळते, जी माझ्याकडे मिळत नाही.

टिटवीताई, तुमचा टिलव्याचा प्रसंग वाचला आणि मला उजनी आठवली. पट्टकादंबांचा दोनएकशेचा थवा पलीकडच्या काठावर बसला होता. त्यातल्या एकाच्या गळ्यात पट्टी दिसली. मंगोलियात अशा पट्ट्या घालतात आणि आकडा-अक्षर वाचून कळवलं की त्या पक्ष्याला पट्टी कुठे घातली होती ते उलगडतं. आमच्या गटात माझ्यापेक्षा तिप्पट किमतीचे दोन कॅमेरे होते. त्यांच्या पडद्यावर पट्टी आहे एवढंच कळत होतं. मी पी९०० नावेच्या कडेवर टेकवला, श्वास धरला, वीस-पंचवीस फोटो काढले. त्यातल्या तीनमध्ये अक्षरं वाचता आली. ते फोटो भिंतीवर लावण्याजोगे नाहीत, रंग फिके आहेत, कडा मऊ आहेत. पण तो पक्षी हिमालय ओलांडून कुठून आलाय हे त्या संध्याकाळी आम्हाला कळलं.

नोंदीसाठी कॅमेरा हवा असेल तर या किमतीत ब्रिजला तोड नाही.

कातळसडा
शेकाट्या भाऊंचा अनुभव सोळा आणे खरा, पण तो माळाचा आणि पाण्याचा आहे. मी चिपळूणचा, माझे पक्षी झाडीत असतात.

जून संपता संपता तिबोटी खंड्या येतो. चिमणीपेक्षा लहान, अंगावर जांभळा-नारिंगी-पिवळा असा रंगांचा सडा. ओढ्याच्या काठी, दाट सावलीत, वर ढग भरलेले. पक्षी माझ्यापासून दहा-बारा मीटरवर. म्हणजे झूमचा प्रश्नच नाही, प्रश्न उजेडाचा. पहिली तीन वर्षं माझ्याकडे छोट्या सेन्सरचा सुपरझूम होता. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची तीव्रता) १६०० केला की पिसं जाऊन रंगाचा लगदा उरायचा. चोचीत पाल आहे की बेडूक हेसुद्धा कळायचं नाही. पुढे कॅननचा मिररलेस आर१० आणि त्यावर आरएफ १००-४०० भिंग घेतलं. त्याच ओढ्यावर, तशाच उजेडात, आयएसओ ३२०० ला पालीच्या बोटांपर्यंत सगळं दिसतंय. शिवाय हा कॅमेरा पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून बसतो. जुना मागच्या फांदीवर जायचा, पुढे यायचा, पुन्हा मागे जायचा, तोवर खंड्या भुर्र.

हे दोन्ही मिळून लाखाच्या वर जातात, हेही आधीच सांगतो.

डोंगरवाट
तेच म्हणतोय मी :)

शेकाट्या
ताई नांदूरला जातात हो, चिपळूणच्या ओढ्यावर नाही!

हळदीकुंकू
मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचतेय. "पक्ष्याच्या गळ्यात पट्टी" हे वाचून अंगावर काटा आला.

भौतिक_मास्तर
शेकाट्या आणि कातळसडा दोघेही बरोबर आहेत आणि दोघांचं भांडण नाहीच. थोडं गणित मांडतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

पी९५० वर "२००० मिमी" लिहितात तो समतुल्य आकडा, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापात. भिंगाची खरी फोकल लेंग्थ ३५७ मिमी. सेन्सर एवढा लहान, साधारण ६.२ x ४.६ मिमी, की दृश्याचा अगदी छोटा तुकडा पकडला जातो आणि तो २००० सारखा दिसतो. आता या ३५७ ला भिंगाच्या एफ आकड्याने, म्हणजे एफ/६.५ मधल्या ६.५ ने, भागा: ५५ मिमी. उजेड आत घेणारं तोंड एवढं रुंद आहे.

कातळसडांचं भिंग: ४०० भागिले ८, म्हणजे ५० मिमी. सोनीचं ७०-३५० भिंग: ३५० भागिले ६.३, पुन्हा ५५ च्या आसपास. सोनीचाच एक इंची सेन्सरचा आरएक्स१० मार्क ४: २२० भागिले ४, पुन्हा ५५. सगळ्यांची तोंडं सारखीच! म्हणजे दीडशे मीटरवरच्या टिलव्याकडून येणारा उजेड या सर्वांत जवळपास सारखाच शिरतो. सेन्सर मोठा म्हणून टिलवा जास्त उजेड पाठवत नाही.

मग फरक कुठे पडतो? आर१० वर ४०० चं भिंग म्हणजे समतुल्य ६४०. तोच टिलवा पी९५० इतका मोठा दिसायला हवा असेल तर चित्र कातरावं लागतं, आणि २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम अडीच त्याच्या वाट्याला येतात. पी९५० मध्ये १६ च्या १६ तिथे लागतात. सगळे १६ कामाचे नसतात, कारण ५५ मिमीच्या तोंडातून बारकावा यायचा तेवढाच येतो. पण पायांचा रंग ओळखायला हात वर राहतो तो ब्रिजचा.

आता पक्षी जवळ आणा, दहा मीटरवर. दोन्ही कॅमेरे ६४० ला लावा. आर१० चं तोंड ५० मिमीच राहतं. पी९५० चं भिंग मात्र मागे आलेलं असतं, तिथे तोंड २३ ते २५ मिमी उरतं. रुंदी निम्मी म्हणजे उजेड चौथाई. कातळसडांच्या ओढ्यावर दिसला तो हाच फरक.

थोडक्यात, पक्षी जितका लांब तितका ब्रिज टिकून राहतो, आणि जितका जवळ आणि अंधारात, तितका मागे पडतो. लोक नेमकं उलटं धरून चालतात.

डोंगरवाट
मास्तर, दोनदा वाचलं. "ब्रिजचा जमाना गेला" हे मी घाईत लिहिलं, मागे घेतो. पण उडत्या पक्ष्याचं काय? तिथे तोंड कितीही रुंद असो, फोकस बसला पाहिजे ना?

भौतिक_मास्तर
तो मुद्दा खरा आहे. उडत्या पक्ष्याला या छोट्या सेन्सरच्या ब्रिजचा फोकस पुरा पडत नाही. आरएक्स१० मार्क ४ त्याला अपवाद, पण त्याची किंमत वेगळ्या घरातली.

वाळवंटी_चिमणी
मस्कतहून लिहितेय. माझ्याकडे आरएक्स१० मार्क ४ आहे, सात वर्षं झाली. २४ ते ६००, सेकंदाला २४ फोटो, वजन १०९५ ग्रॅम. इथे समुद्रकाठी कुरव आणि सुरय डोक्यावरून जातात, ते सगळे यानेच टिपले. पण ६०० च्या पुढे हात टेकतो. चिखलात दूरवर बसलेल्या तुतवाराला मी अजून दुर्बिणीनेच बघते आणि फोटोत "मधला ठिपका पाहा" असं लिहून पाठवते. टिटवीताईंना लांबच्या पाणपक्ष्यांसाठी हवाय, त्यामुळे याची शिफारस करणार नाही.

वजनाचं एक सांगू का? सगळे म्हणतात मिररलेस हलका. आर१० आणि १००-४०० मिळून १०६४ ग्रॅम, पी९५० १००५ ग्रॅम, माझा १०९५. सगळे किलोभरच.

गच्चीवरून
थोडं अवांतर. पी१००० वापरतो, १२५ पट, ३००० मिमी, वजन १४१५ ग्रॅम. २०२५ मध्ये पी११०० आला पण भिंग तेच. मुंबईत राहतो, पक्षी फारसे नाहीत, म्हणून आकाश बघतो. कोजागिरीला शेजारीपाजारी गच्चीवर दूध प्यायला जमले की कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंद्र भरून दाखवतो. पण खरा चंद्र बघायचा तर पौर्णिमेला नाही, अष्टमीला. तेव्हा ऊन तिरकं पडतं, विवरांच्या सावल्या लांबतात. पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं. पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ/८, शटर १/२०० पासून सुरुवात करा, नाहीतर पांढरी भाकरी मिळते.

शनीची कडीही दिसतात. २०२५ मध्ये ती आपल्याला कडेने दिसत होती, नुसती रेघ. शेजारच्या आजींना ती रेघ दाखवली तर म्हणाल्या, "म्हणजे पुस्तकातलं चित्र खरं आहे तर." पुढची दहा मिनिटं त्यांनी पडदा सोडला नाही.

टिटवी_नाशिक
गच्चीवरून, हे लेकीला वाचून दाखवलं. आता तिलाच जास्त घाई झालीय.

मास्तर, तुमचं गणित वहीत उतरवून घेतलं. एक विचारते: लांबच्या पक्ष्याला ब्रिज टिकतो म्हणता, मग ते मोठाले पांढरे भिंगवाले लोक नांदूरला येतात त्यांना काय जास्त मिळतं?

भौतिक_मास्तर
तोंड. ६०० मिमी एफ/६.३ म्हणजे ९५ मिमी. क्षेत्रफळाने ५५ च्या तिप्पट. उजेड तिप्पट आणि बारकावाही जास्त. सोनीचं २००-६०० त्यातलंच, पण नुसतं भिंग दोन किलोच्या वर आणि किंमत तुमच्या बजेटच्या पलीकडे. ते पुढे कधीतरी.

माळरान
कुठलाही कॅमेरा घ्या, दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या.

पहिली, वेळ. उन्हं चढली की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. डोळ्याला जाणवत नाही, २००० मिमीला सगळं उकळल्यासारखं दिसतं. थंडीतही दहानंतर लांबचे फोटो काढण्यात अर्थ नाही. कितीतरी जणांनी "भिंग खराब आहे" म्हणून कॅमेरे परत केलेत. दोष भिंगाचा नव्हता, हवेचा होता.

दुसरी, टेकू. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्यापासून कापा, एका बाजूने शिवा, दीड-दोन किलो राजमा भरा, दुसरी बाजू शिवा. मनोऱ्याच्या कठड्यावर, गाडीच्या खिडकीवर, कुठेही ठेवा. तिपाईपेक्षा लवकर जागेवर बसतो. मी आधी ज्वारी भरली होती, पावसाळ्यात तिला टोके लागले. राजमा चार वर्षं टिकून आहे.

आणि पी९०० मालिकेत भिंगाच्या बाजूला एक बटण असतं. दाबून धरलं की झूम झटकन मागे येतो, पक्षी चौकटीत घेतला आणि सोडलं की पुन्हा जागेवर. हे बटण बोटाला सवयीचं झालं नाही तर २००० मिमीला पक्षी सापडतच नाही, नुसतं आभाळ फिरतं.

शेकाट्या
माळरान, बटणाबद्दल शंभर टक्के. मी पहिला आठवडा अंगणातल्या दोरीवरच्या चिमट्यांवर सराव केला होता.

खानदेशी_भारद्वाज
ब्रिजची एक अडचण कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. झूम बाहेर येतो-आत जातो तेव्हा हवा ओढतो आणि हवेबरोबर धूळ. आमच्याकडे उन्हाळ्यात माळावर पीठ उडावं तशी धूळ असते. तिसऱ्या वर्षी माझ्या फोटोत आभाळावर चार काळे ठिपके कायमचे आले. सेन्सरवर धूळ. मिररलेसचं भिंग काढून फुग्याने फुंकता येतं, ब्रिज उघडत नाही. दुरुस्तीवाल्याने भिंगाचा अख्खा भाग बदलायला सांगितलं आणि सांगितलेल्या रकमेत जुना कॅमेरा आला असता. तेव्हापासून धूळ असेल तिथे प्लास्टिकची पिशवी आणि वापर नसेल तेव्हा झूम आत.

कातळसडा
कोकणात धुळीच्या जागी बुरशी. एका पावसाळ्यात माझं एक भिंग कपाटात कपड्यांजवळ राहिलं, दिवाळीत काढलं तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. आता हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारी छोटी चकती. काटा ४० ते ५० मध्ये ठेवतो. नाशिकला एवढं नसेल, पण जुलै-ऑगस्टमध्ये काळजी घ्या. चामड्याच्या पिशवीत मात्र कधीच ठेवू नका.

पाणकोंबडी
कॅमेरा आला की पक्ष्याच्या जवळ जायचा मोह होतो, म्हणून हे लिहितेय. ब्रिजची बाजू मी एका कारणाने घेते: लांबून काम होतं. तिबोटीच्या घरट्याशी रांगा लावून उभे राहणारे बघितलेत, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हा पुन्हा बाहेर काढणारेही. पिल्लांना खाऊ घालायची वेळ त्यात जाते.

कातळसडा
पाणकोंबडी, पूर्ण सहमत. मी घरट्यावर जात नाही, ओढ्यावर बसतो. आवाज वाजवणाऱ्याला तिथून उठवलेलंही आहे.

गोदाकाठ
टिटवीताई, मीही नाशिकचा. माझ्याकडे पी९५० आहे आणि माझ्या भाच्याकडे कातळसडांचाच संच, आर१० आणि १००-४००. पुढच्या रविवारी आम्ही दोघं नांदूरला आहोत. सकाळी साडेसहाला चापडगावच्या मनोऱ्यापाशी या, दोन्ही हाताळा आणि मग ठरवा. वाचून कॅमेरा ठरत नाही.

टिटवी_नाशिक
गोदाकाठ काका, येते. लेकीलाही आणते. राजमाही आणते!

टिटवी_नाशिक
(आठ दिवसांनी)
मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत.

साडेसहाला धुकं होतं, सातला उठलं. आधी आर१० घेतला. दलदली भोवत्या पाण्यावरून खालून उडत आला आणि खालची सगळी बदकं एकदम उठली. बटण दाबून धरलं, कॅमेऱ्याने भोवत्याचा डोळा पकडला आणि सोडला नाही. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर वळताना वाकवलेलं प्रत्येक पीस सुटं दिसतंय. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. हाच घ्यायचा, असं तेव्हा मनात पक्कं झालं होतं.

मग पी९५०. त्याच भोवत्यावर धरला तर एकही फोटो नीट नाही, ते कबूल. तारेवरचा वेडा राघू ठीक आला. त्यानंतर काका म्हणाले, पलीकडच्या चिखलाकडे बघा. राजम्याची पिशवी कठड्यावर ठेवली, झूम सोडला, आणि एवढी वर्षं दुर्बिणीत राखाडी दाणे दिसायचे तिथे पक्षी दिसायला लागले. तुतवाराच्या पाठीवरचे ठिपके. शेकाट्या पक्ष्याच्या डोळ्यातला लाल रंग. लेकीने कॅमेरा घेतला तो परत दिलाच नाही, पाऊण तास एकेक पक्षी शोधून पुस्तकातलं पान उघडत होती. दहा वाजता हवा थरथरायला लागली, माळरान म्हणाले होते अगदी तसंच, आणि आम्ही आवरलं.

घरी येऊन तोच चिखल आर१० च्या फोटोत कातरून पाहिला. टिलवा आहे हे कळतं, कुठला ते नाही.

पी९५० घेतेय. भोवत्याचा तो फोटो डोळ्यांसमोरून जात नाही, त्यामुळे मिररलेससाठी वेगळे पैसे बाजूला टाकायला सुरुवात करणार आहे. पण या थंडीत मला आणि लेकीला वहीतली प्रश्नचिन्हं पुसायची आहेत.

डोंगरवाट
मी अजूनही मिररलेसच घेतला असता, पण तुमचं कारण पटलं. भोवत्याचा फोटो मात्र इथे टाकाच.

कातळसडा
कार्याचे फोटो मोबाइलवर काढा, हॉलच्या उजेडात पी९५० कडून अपेक्षा ठेवू नका. बाकी उत्तम निर्णय. जूनमध्ये चिपळूणला या, खंड्यासाठी माझा कॅमेरा देईन.

टिटवी_नाशिक
नक्की येऊ. आता शेवटचं काम. त्या रविवारी चिखलात पुन्हा एक संशयित सापडला, काकांच्या कॅमेऱ्यावर लेकीने काढलेला फोटो जोडतेय. पाय पिवळसर-हिरवट, पाठ एकसारखी करडी-तपकिरी, छातीवर करडा पट्टा गळ्यापर्यंत. आम्ही दोघींनी टेमिंकचा टिलवा ठरवलंय. जाणकारांनी सांगावं.

माळरान
उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसल्या का?

टिटवी_नाशिक
लेक म्हणते हो, उडाला तेव्हा दोन्ही बाजूंना पांढरं दिसलं. तिने वहीत तसं काढून ठेवलंय.

माळरान
मग टेमिंकचाच. फोटो जोडून नोंद टाका, आणि नोंदीत लेकीचं चित्रही जोडा.